टाकी फुल असलेली मेटाडोर

सुमे, मामी बोलून राहिली, फोन कानाले लाव अन् ऐक. आमच्या रायपूरचा रस्ता विसरली काहून तू? आज शेजारी जनरेटर लागला, डिझेलचा वास घरात आला अन् मले तुझं लग्न आठवलं.

तुझ्या मामानं जुन्या मेटाडोरमध्ये पलंग, शेगडी बसवून फिरतं घर केलं होतं. त्यातच आम्ही तुझ्या लग्नाले रायपूरहून नागपूरले निघालो. भंडाऱ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. नवरीले बोहल्यावर नेणारा मामा गाडीखाली झोपलेला! फ्यूज पाहिला, वायरी हलवल्या, डिझेलच्या काट्यावर टिचक्या मारल्या.

"डिझेल संपलं असंल," मी म्हटलं.

"काटा फुल दाखवून राहिला. तुले काय समजते?"

शेवटी मीच टाकीत काडी घातली. कोरडी निघाली.

एका ट्रकवाल्या भैयानं डिझेल दिलं. मुहूर्ताले कसेबसे पोचलो. मामानं हात धरला तर डिझेलच्या वासानं तू नाक दाबलं होतं.

तेव्हा मी त्यांच्यावर लय चिडली. आता हसू येते. लग्नाआधीच्या दसऱ्याले टाकी भरून गाडीची पूजा केली, तेव्हा नारळ मीच काट्याच्या काचेजवळ फोडला होता. पाणी आत झिरपून काटा फुलवरच चिकटला, असं नंतर गाडीच्या मिस्त्रीनं मले एकटीले सांगितलं. मामा अजून गाडीच्या कंपनीलेच शिव्या देतात.

लवकर ये भेटाले. फक्त त्यांच्यासमोर हे बोलू नको.