बंबातला विस्तव

सत्त्याऐंशी सालच्या थंडीत पाथरीच्या कुसुमबाईंनी सकाळी अंघोळीचा बंब पेटवला. लाकडं दमट होती, म्हणून रोजच्यासारखी तुटकी प्लास्टिकची चप्पल आणि वायरचे तुकडे आत सारले. तेवढ्यात कडी वाजली.

दारात बायनाबाई उभ्या होत्या. गल्लीतली बाळं त्यांनी तीस वर्षं न्हाऊ घातली, शेकली. आता घरात स्वतःची नात होती, अकरा दिवसांची. तिला ओव्याची धुरी द्यायला त्या रोज याच बंबातला विस्तव नेत.

“आणा घमेलं, मावशी.”

“आणलंच न्हाई. धुरी दिली की पोरगी रडत न्हाई वैनी, नुसती घरघर करती. मी ओव्याला दोष दिला, दुकानदाराशी दोनदा भांडले. काल तुमचा निखारा हुंगला, तर जळक्या प्लास्टिकच्या वासानं घसा धरला.”

कुसुमबाई बंबाकडे वळल्या. वायरभोवती हिरवा जाळ होता. तांब्याचा जाळ असा हिरवा झाला की विषारी क्लोरीन ओळखायचा, हे त्यांनी कॉलेजात पाठ केलं होतं. अकरा दिवस त्या स्वतःच तो धूर बाळाला पुण्य म्हणून देत होत्या.

त्यांनी चिमट्याने वायरचे तुकडे बाहेर ओढले. बायनाबाई म्हणाल्या, “उद्यापासून मला नुसत्या लाकडाचा विस्तव द्या.”