सलीमच्या प्रस्तावावर माझ्या नऊ हरकती

आमच्या दौंडच्या सायबर कॅफेतले किस्से एकदा सुरू झाले की चहा गार होतो. निम्म्यांत मीच रडीचा डाव खेळलोय, म्हणून सांगतोही मीच. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माझ्या दोस्तानं, सलीमनं सांगितले तर लोक त्यालाच चांगला म्हणतील!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मराठी टायपिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं, कोड सगळ्यांना खुला. बदल सुचवायचा तर ईमेलच्या ग्रुपवर प्रस्ताव टाकायचा. सात दिवसांत हरकत आली नाही तर बदल मंजूर, आणि सॉफ्टवेअरमध्ये तुमचं नाव! सलीमचं नाव तिथं लागलं होतं. माझं नव्हतं. जळफळाट व्हायचा नुसता.

माझा पहिला प्रस्ताव मी तहसीलला अर्ज करतात तसा लिहिला. 'माननीय महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत! ग्रुपच्या प्रमुखांचं उत्तर आलं, "अर्ज उत्तम. कोड कुठं आहे?"

दुसऱ्या वेळी पाटसहून भावकीतले अकराजण आणले. प्रत्येकाचा ईमेल काढला, वडापाव दिला, सगळ्यांकडून पाठिंबा पाठवला. प्रमुखांनी विचारलं, "अकराही जण एकाच कॉम्प्युटरवर?"

सलीम म्हणाला, "जीप लावली व्हतीस का रं?"

लावली होती!

कॅफेवाल्या मामांनी सलीमच्या नावाची प्रिंट काढून भिंतीवर चिकटवली. मी खुर्ची फिरवून बसायला लागलो. मामा म्हणाले, "पाठ केली म्हनून नाव पुसतंय व्हय?"

मग सलीमचा नवा प्रस्ताव आला. त्यावर मी नऊ हरकती कागदावर लिहिल्या. काही खऱ्या, बाकीच्या नुसत्या पोटदुखीच्या. सातव्या दिवशी दुपारी कॅफेत पोचलो तर लाईट गेलेली, आणि मुदत संध्याकाळी पाचची.

सलीम तिथंच होता. माझ्या हातातला कागद बघून म्हणाला, "हरकत हाय व्हय? चल कुरकुंभला. आमच्या कंपनीच्या ऑफिसात लाईट असती."

त्याच्याच स्कूटरवर मागं बसून गेलो. साहेबांची परवानगी त्यानंच काढली, मला कॉम्प्युटरवर बसवलं आणि आपण बाहेर गेटवर जाऊन थांबला. मी कागद उलगडला.

बाहेर आलो तेव्हा पाचाला दहा कमी होते.

"गेली?"

"गेली."

"किती व्हत्या?"

"एक."

"खरी हाय का?"

"खरी हाय."

सलीमनं स्कूटरला किक मारली. "मग बस. मामांकडं लाईट आली आसंल, दोघं मिळून दुरुस्त करू."