सोमवारी बंद असणारं संग्रहालय

ग्वांगझूचं ते मोठं संग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि आम्हा दोघींना त्या शहरात मोकळा दिवस मिळायचा तो नेमका सोमवारचाच. रविवारपर्यंत बाजारात माल बघायचा, ठरवायचा, खोकी बांधून घ्यायची. सोमवारी रात्री दुबईचं विमान. मधल्या वेळात आम्ही नदीकाठी जायचो आणि त्या इमारतीसमोर उभ्या राहायचो. काळी-लाल, चौकोनी, एखाद्या प्रचंड पेटाऱ्यासारखी. मोठ्या जाऊबाई बंद दाराकडे बघून म्हणायच्या, "पुढच्या वेळी." असं किती वर्षं.

दुबईच्या देरा बाजारात माझं खोट्या दागिन्यांचं घाऊक दुकान आहे. ते मला कोणी थाटून दिलेलं नाही. इमारतीतल्या बायकांना पिशवीतून क्लिपा आणि बांगड्या विकत मी इथवर आले. थोरले दीर आणि जाऊबाई तेव्हा आमच्याच मजल्यावर राहायचे. चीनला मला एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते, म्हणून जाऊबाई सोबतीला आल्या, आणि मग येतच राहिल्या.

भाव करण्याची आमची एक पद्धत बसली होती. भांडण माझ्याकडे. दुकानदारीण कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची, मी तो पुसून माझा टाकायचे, ती हसायची आणि माझं डोकं तापायचं. लोकांना वाटतं, घासाघीस करणाऱ्याचा राग खोटा असतो. माझा खरा असायचा, म्हणूनच तो चालायचा. मी उठून तरातरा निघून जायचे. जाऊबाई मात्र स्टुलावर बसून राहायच्या, पुढे आलेला चहा घ्यायच्या, माझ्या वतीने ओशाळं हसायच्या. दुकानदारीण नवा आकडा टाकायची. मग जाऊबाई बाहेर येऊन हाक मारायच्या, "अगं, ये परत!" मी दोन दुकानं पलीकडे हेअरबँड चाचपत उभी असायचे. ती हाक येणार, याची मला इतकी खात्री असायची की मी मागे वळूनही बघत नसे.

सोमवारी मात्र भांडण नसायचं. सकाळी टेकडीवरच्या बागेत जायचो. तिथे पाच बोकडांचा मोठा दगडी पुतळा आहे. त्या बोकडांवर बसून देव आले आणि त्यांनी या शहराला धान्य दिलं, असं तिथले लोक सांगतात. जाऊबाई त्यांना दर वेळी हात जोडायच्या. मी हसले तर म्हणायच्या, "ज्याने खायला आणलं त्याला नमस्कार करायला आपलं काय जातं?" बागेत म्हाताऱ्या बायका गोल करून पिसांचं फूल पायाने उडवत खेळायच्या. एकदा ते फूल जाऊबाईंच्या पुढ्यात पडलं. त्यांनी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि असं उडवलं, की त्या बायकांनी हाताला धरून त्यांना गोलात ओढलं. मी बाकावर दोघींच्या पर्स सांभाळत बसले. त्या खेळत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या, शाळेच्या मैदानावरून एखादी मुलगी आईकडे बघते तशा.

नदीकाठच्या उंच मनोऱ्यावर आम्ही कधी चढलो नाही. तिकिटाचे युआन, त्यांचे दिरहम आणि दिरहमचे रुपये असं मोठ्याने करत जाऊबाई म्हणायच्या, "खालून फुकटात पूर्ण दिसतो. वर गेलं की तो स्वतःच दिसणार नाही." त्यांच्यासारखा शेरा मारणारं माणूस मला व्यापारात पुन्हा भेटलं नाही.

मग दिरांना दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि ते तिकडे गेले. शांत गाव, सगळीकडे झाडं, गाडीशिवाय पान हलत नाही. जाऊबाईंना तिथल्या मराठी बायकांचं मंडळ मिळालं. आणि मागच्या वर्षी एका बुधवारी, मी दुकानात खोकी फोडत असताना, घरच्या ग्रुपवर फोटो आला. मंडळाच्या चीन सहलीचा. त्या पेटाऱ्यासारख्या इमारतीसमोर दहा-बारा बायका, मधे जाऊबाई, आणि खाली त्यांनी लिहिलेलं : शेवटी पाहिलं!

मी अंगठासुद्धा दिला नाही.

दिवाळीच्या फराळाला आम्ही अल ऐनला गेलो. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना मी विषय काढला. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या कुठेही जाऊ शकल्या असत्या. त्या शहरात हजार जागा आहेत. ती एक माझ्यासाठी राखायला हवी होती. त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाल्या की सोमवार मी ठरवायचे, त्या नाही. एक दिवस उशिरा निघालो असतो तर दुकान बुडालं नसतं. ज्या दुकानावर माझं घर उभं आहे त्याबद्दल हे. मी चकल्यांचं ताट ओट्यावर आपटलं आणि पर्स उचलली.

त्या शांतपणे म्हणाल्या, "जा. दर वेळी मीच का बोलवायचं?"

मी खाली येऊन गाडीत एसी लावून बसले. नवरा डबे घेऊन बऱ्याच वेळाने आला आणि म्हणाला, "यल्ला, निघू या." वर खिडकीत कोणी नव्हतं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मुलगी म्हणायची, "मॉम, जस्ट कॉल हर." तिला काय सांगणार? ज्याने पहिला आकडा सांगितला तो हरला, हे मी तिला लहानपणापासून शिकवलंय.

यंदा मी ग्वांगझूला एकटी गेले. बाजारात भांडले, उठून निघाले, आणि मागून हाक मारायला कोणी नव्हतं. स्वतःच परत जाऊन स्टुलावर बसावं लागलं. त्या दुकानदारिणीने भाव उतरवला नाही. तिने माझ्या शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं, त्या कुठे? मी परतीचं तिकीट बदलून घेतलं आणि मंगळवारी पासपोर्ट घेऊन संग्रहालयाच्या रांगेत उभी राहिले.

आत लाकडी कोरीवकामाचं एक दालन आहे. तिथे काचेआड एक टोपली होती, एकाच लाकडातून कोरलेली आणि सोन्याचा मुलामा दिलेली. आतून-बाहेरून तिच्यावर कुर्ल्या आणि कोळंब्या चढत होत्या. नांग्या एकमेकीत अडकलेल्या, अगदी चिपळूणच्या बाजारात टोपली कलंडल्यावर होतात तशा. माझ्या तोंडून "वहिनी, बघा" निघून गेलं. शेजारच्या चिनी बाईने माझ्याकडे पाहिलं. पुढचं काही बघावंसं वाटेना. मी तशीच बाहेर पडले आणि विमानतळ गाठला.

जूनमध्ये जाऊबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आजारपणात अबोला चालत नाही, हा आमच्याकडचा नियम. भेटायला जाणं म्हणजे माघार नव्हे. मी फळं घेऊन, उन्हाच्या झळांतून, अल ऐनला गेले.

त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. मी खुर्ची ओढली. डॉक्टर, औषधं, फिजिओथेरपी, सगळं बोलून संपलं. मग म्हणाल्या, "तू आत जाऊन आलीस म्हणे. तुझी लेक सांगत होती."

"गेले होते."

"मी काही पाहिलं नाही गं. गुडघे इतके ठणकत होते की तळमजल्यावरच्या बाकावर बसून राहिले. बाकीच्या फिरून आल्या, मग बाहेर फोटो काढला." चादर सारखी करत त्या म्हणाल्या, "आता तेवढं लांब काही माझ्याने होणार नाही. खलास. तू सांग, आत काय होतं?"

हे फोटोखाली लिहायचं होतं, असं जिभेवर आलं होतं. माझा राग असा पटकन विझत नाही, अजूनही विझलेला नाही. पण मी टोपलीपासून सुरुवात केली. कुर्ल्या म्हटल्यावर त्या पुढे सरकल्या. नांग्या कशा होत्या, कोळंबीच्या मिशा लाकडात कशा कोरल्या असतील, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. नर्स गोळ्या देऊन गेली.

"आणि त्याच्या वरच्या मजल्यावर?" त्यांनी विचारलं.

वरच्या मजल्यावर मी गेलेच नव्हते. मी खुर्ची पलंगाजवळ घेतली आणि सांगू लागले.