मी न सांगितलेले आठ शब्द

"डोळे आहेत की कवड्या?"

आमच्या सुपरवायझर लिमयेबाईंनी माझे मनगट धरून हात वर उचलला. बोटांत इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी होती. तिच्यात काचेचा एक कण तरंगत होता आणि मला तो दिसला नव्हता.

"अशीच उभी राहा. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत. सरकारी फ्रीशिपवर मॅट्रिक झालं की असंच व्हायचं."

अंधेरीच्या त्या औषध कारखान्यात कुप्या तपासणाऱ्या आम्ही बारा जणी होतो. अकरा जणींनी डबे उघडले. तुपाचा, लोणच्याचा, भाजलेल्या सुकटीचा वास माझ्याभोवती फिरत राहिला. हात आधी दुखला, मग जड झाला, मग माझा उरलाच नाही. कोणी हसले नाही. कोणी वरही पाहिले नाही. मी एकोणीस वर्षांची होते.

काम ऐकायला सोपे होते. दिव्यासमोर, काळ्या पडद्यावर एकेक कुपी धरायची. आत कण दिसला तर ती बाद. पण औषधात हवेचे बुडबुडेही असतात आणि उजेडात बुडबुडा व काच सारखेच चमकतात. बुडबुड्याला काच समजले, तर चांगली कुपी फुकट जाते. काचेला बुडबुडा समजले, तर ती कोणाच्या तरी शिरेत जाते. फरक कसा ओळखायचा, हे लिमयेबाईंना माहीत होते. त्यांनी ते कधी सांगितले नाही. त्यांचा सारा मान त्या न सांगण्यावर उभा होता.

मला सात महिने लागले. शाळेत असताना मला कवितेचा नाद होता. ओळीत यती कुठे घ्यायची, हे गुरुजींनी बाकावर बोटे वाजवून शिकवले होते. एका दुपारी कुपी उलटी करताना माझे मनगट तसेच थांबले, ओळीच्या मध्यावर थांबावे तसे. हात स्थिर झाला, तरी आतले औषध क्षणभर हलत राहिले. एक चमक वर गेली. दुसरी सावकाश खाली आली.

वर जातो तो बुडबुडा, खाली येते ती काच.

आठ शब्द. मीही ते कोणाला सांगितले नाहीत. फुकट का द्यायचे? मला कोणी दिले होते?

काही वर्षांनी लिमयेबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या वस्तीतली मी पहिली सुपरवायझर. आईने दारोदार साखर वाटली.

दुष्काळात रेशनवर मिलोची लाल ज्वारी मिळत होती, त्या वर्षी गोवंडीहून सुमन आली. केस तेलाने चप्प बसवलेले, साडीला इस्त्रीऐवजी उशाखालची घडी. पहिल्याच सकाळी ती माझ्या टेबलाशी आली आणि अगदी हळू, जणू घरचा निरोप द्यावा तशी म्हणाली, "जयभीम, ताई."

सारी खोली ऐकते आहे, असे मला वाटले. मी वहीतून मान वर केली नाही.

"इथे बाई म्हणायचं."

तिच्या चेहऱ्यावर काय उमटले, ते मी पाहिले नाही. न पाहण्याची सोय मी करून ठेवली होती.

सुमन चांगल्या कुप्या बाद करू लागली. दहा-वीस नव्हे, ट्रेच्या ट्रे. तिला जिकडेतिकडे काच दिसे. मी बाद कुप्या तिच्यापुढे आपटल्या. मी सगळ्या जणींसमोर विचारले, "घरी तांदूळ निवडतेस की तेही जमत नाही?" आणि एके दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी तिचे मनगट धरून हात वर उचलला.

"डोळे आहेत की कवड्या?"

वाक्य माझ्या तोंडातून सहज आले. तेच शब्द, तोच चढ, तोच उतार. तिची नाडी माझ्या बोटांखाली उडत होती.

मरोळ गावठाणातली फिलोमिना माझ्याबरोबरच कामाला लागलेली. डब्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "तुला पण उभी केली होती ना गं? एवढ्यात विसरली?"

"म्हणूनच शिकले मी. ती पण शिकेल."

"हो, झकास शिकली तू," फिलोमिना म्हणाली.

तीन महिन्यांची उमेदवारी संपली. कारखान्याच्या साहेबांनी सुमनचा कागद शेऱ्यासाठी पाठवला. शेऱ्याच्या जागी मी लिहिले : नजर कच्ची. खाली सही केली. अक्षर सुरेख आले होते.

तिला कामावरून काढले. जाण्याआधी सुमन माझ्या टेबलाशी आली. रडली नाही. तिने फक्त विचारले, "बाई, मी कुपी जोरजोरात हलवून बघायची. आई दवाखान्यात झाडू मारते ना, तिथे बाटली हलवूनच देतात. नव्हतं का हलवायचं?"

हलवल्याने औषधात बुडबुडेच बुडबुडे होत होते. मुलीची नजर कच्ची नव्हती. ती मेहनत करत होती. तू कसं बघतेस, तुला काय दिसतं, एवढे मी तीन महिन्यांत एकदा विचारले असते, तर त्याच मिनिटाला मला कळले असते. मी तिला फक्त चुका मोजून दाखवल्या होत्या.

मी म्हटले, "गेटवर पास दाखव."

रविवारी मी गोवंडीला सुमनच्या घरी गेले. सुमन आतल्या बाजूला पाठमोरी बसून राहिली. तिच्या आईने मला पाणी दिले आणि समोर बसली.

"तुमाला कुनी शिकवलं हुतं का, बाई?"

"नाही."

"मंग तुमाला तर ठावं हुतं."

एवढेच. मी पाणी प्यायले, परत आले. लिमयेबाईंवर मी वर्षानुवर्षे रागावून होते. त्या बाईला उपाशीपोटी वर धरलेला हात काय असतो, हे ठाऊक नव्हते. मला होते.

सोमवारी मी साहेबांपुढे उभी राहिले. सुमनला परत घ्या म्हटले. काढलेल्यांना परत घेत नाहीत, असे ते म्हणाले आणि नव्या मुलीचा कागद पुढे सरकवला. "हिचंही तीन महिन्यांनी बघा. नाही जमलं तर नाव द्या."

मी कोरा कागद घेतला. लिहिले : सुमनला काम शिकवलेच नव्हते, कच्ची तिची नजर नव्हे, कच्चे माझे शिकवणे. सही केली आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

"हा सुमनच्या कागदाला लावा. आणि यापुढे मी शिकवलं नाही, अशा एकाही मुलीचं नाव मी देणार नाही."

साहेब हसले. "बाई, तुम्हाला लक्ष ठेवायला बसवलंय. शाळा काढायला नाही."

"मग लक्ष ठेवायला दुसरी शोधावी लागेल."

"म्हणजे खुर्ची सोडता?"

"नाही," मी म्हटले. "सोडणार नाही. तुम्ही काढेपर्यंत बसेन, शिकवेन, आणि त्याच खुर्चीवरून तुम्हाला नाही म्हणेन."

सुमन परत आली नाही. माझ्या त्या 'नाही'चा तिला काहीच उपयोग झाला नाही. ते 'नाही' मी तरीही मागे घेतलेले नाही, घेणार नाही.