तानाबाईंच्या परड्यातली आगटी

"जाळ कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय, पर माझं ऐकतोय."

हे तानाबाई एकदाच बोलल्या, तेही गुऱ्हाळमालकाच्या तोंडावर. नवरा गेला आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढची त्याची जागा रिकामी झाली. त्या तिथं जाऊन बसल्या, तेव्हा बाईनं गुऱ्हाळाचा जाळ घातल्याचं गडमुडशिंगीत कुणी ऐकलं नव्हतं. मालक म्हणाला, हे बाईचं काम न्हवं. त्याला हे उत्तर मिळालं. वर काहिलीत रस उसळायचा, गुळव्या ओरडायचा, "जाळ तोड!" आणि खाली तानाबाई चिपाडाचा हात आवरायच्या. गुऱ्हाळ बंद पडेपर्यंत ती जागा त्यांचीच राहिली.

सून अनुजानं ही गोष्ट लग्नानंतर ऐकली आणि पहिल्या माहेरपणात सगळ्या मैत्रिणींना सांगून टाकली. त्यांच्या सासवा सुनांना धाक घालायच्या. हिची सासू विस्तवाला धाक घालत होती.

गुऱ्हाळ थांबलं, पण हात थांबेनात. तानाबाईंनी घरामागच्या परड्यात गुडघाभर खड्डा खणला, कडेनं काळे दगड रचले, आणि दिवाळी सरली की पहाटे तिथं आगटी पेटू लागली. तिच्यावर अंघोळीचं पाणी तापायचं. राखेत वांगी भाजायची. मच्छर परड्यात फिरकत नसत. उलट बाजूही होतीच. लिंबाच्या झाडाची एक फांदी करपून गेली होती, आणि शेजारच्या बनाबाई भिंतीवरनं रोज विचारायच्या, "तानाक्का, माझी धुणी वाळत्यात का भाजत्यात गं?"

"भाजली तर भाकरीबर खा की."

मग एका थंडीत त्या आगटीला वेगळंच काम लागलं. अनुजाची लेक राजनंदिनी आणि तिच्या मैत्रिणी पोलीस भरतीसाठी पळायला निघाल्या. पळायचं पहाटे, हायवेकडं जाणाऱ्या रस्त्यावर. रस्त्यावर दिवा नाही, दोन्ही बाजूंनी उभा ऊस. कुठली आई लेक सोडणार? तानाबाई म्हणाल्या, "माझ्या परड्यात येऊ द्यात पोरी. मी जागीच असते की."

तेव्हापासनं आयांचा नेम ठरला. खिडकीतनं बघायचं. तानाबाईंच्या परड्यात उजेड दिसला की पोरीला बाहेर सोडायचं. पोरी अंग शेकायच्या, एकमेकींची टिंगल करायच्या आणि अंधारात पळत सुटायच्या. गेल्या वर्षी त्यातली एक भरती झाली. वर्दी घालून ती आधी या आगटीपाशी आली, देवळात मागनं गेली. तानाबाईंनी तिच्या टोपीवर बोटानं राख लावली. अनुजाला त्या क्षणी वाटलं, या घरात आपण सून म्हणून आलो हे आपलंच नशीब.

यंदा पाऊस लांबला. चिपाड, लाकडं, सगळं आतनं ओलं राहिलं. आगटी धुपू लागली. धूर परड्यात जड होऊन बसायचा, पोरींच्या केसांत शिरायचा. राजनंदिनीचा दम शेवटच्या फेरीत तुटू लागला. मैदानावर भरतीचा सराव घेणाऱ्या सरांनी विचारलं, "घरात कोण विडी ओढतंय काय?" पोरी हसल्या. राजनंदिनी हसली नाही. भरतीची तारीख तोंडावर आली होती.

अनुजानं एकदा धाडस केलं. "आत्ती, पोरीला धूर सोसंना झालाय."

"धूर? कुठाय धूर?"

अनुजाच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. समोर तानाबाईंचे डोळे उघडे, कोरडे, शांत. त्या हट्ट करत नव्हत्या. आयुष्यभर चुलवाणाच्या तोंडाशी बसून त्या डोळ्यांतलं पाणीच आटलं होतं, नाकातला वास गेला होता. धूर त्यांच्यापुरता जगातनं नाहीसा झाला होता. हे अनुजाला आत्ता कळलं. जाळ आता तुमचं ऐकत नाही, असं या बाईला कुणी सांगायचं? आणि आगटी विझली तर पोरींचं काय? खिडकीत उजेड नाही दिसला, तर उद्यापासनं एकही दार उघडणार नाही.

तिनं धुराचा विषय पुन्हा काढला नाही. राजनंदिनी रोज पहाटे धुरात बसत राहिली.

एका पहाटे पोरी आगटीभोवती बसल्या होत्या. त्यांत राजनंदिनी नव्हती. तानाबाई उठल्या आणि तिला शोधत गोठ्यामागं गेल्या. काय झालं म्हणून अनुजा पाठोपाठ गेली.

राजनंदिनी भिंतीला टेकून उभी होती. ओढणीचा बोळा तोंडात कोंबलेला, आणि सगळं अंग गदागदा हलत होतं. आवाज मात्र नाही.

"काय गं?"

तिनं बोळा काढला. "काय न्हाय आज्जी. ठसका लागला."

"तोंडात बोळा घालून ठसका?"

"तुला ऐकू गेलं तर तू आगटी बंद करशील. मग ह्यास्नी घरातनं कोण सोडणार?"

तानाबाईंनी मान वळवली. "अनुजा, कवापासनं हाय हे?"

"पाऊस सरल्यापासनं."

"आणि मला कुणीच सांगितलं न्हाय?"

"सांगितलं की, आत्ती. तुमाला धूर दिसत न्हवता."

तानाबाईंनी नातीचं डोकं जवळ ओढलं आणि तिच्या केसांत नाक खुपसलं. खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. त्यांना कसलाच वास आला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर अनुजाला स्पष्ट दिसलं. तिला वाटलं, आता म्हातारी कोसळणार.

तानाबाई आगटीपाशी गेल्या. लाकडं एकेक करून बाजूला ओढली, निखाऱ्यांवर राख लोटली, वर घागर ओतली. फस्सकन वाफ उठली आणि परडं काळं झालं.

"आता आई न्हाय सोडायची उद्यापासनं," अंधारात एक पोरगी म्हणाली.

भिंतीपलीकडनं बनाबाईंचा आवाज आला. "तानाक्का? आज इझली व्हय गं? बरं न्हाय का तुला?"

तानाबाईंनी घागर खाली ठेवली. त्या घरात गेल्या आणि खांद्यावर घोंगडं, हातात बॅटरी घेऊन आल्या. पदर खोचला. परड्याचं फाटक उघडून रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि बॅटरीचा झोत समोरच्या खिडक्यांवरनं फिरवला. आधी पहिल्या घरावर, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. खिडक्यांत चेहरे दिसले. प्रत्येक आईला नीट दिसेल इतका वेळ त्यांनी उजेड स्वतःच्या तोंडावर धरला.

अनुजा ताठ उभी राहून बघत होती. तानाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. बॅटरीचा झोत पुढं टाकत, उसामधल्या अंधाऱ्या रस्त्यानं, त्या पोरींच्या पुढं चालू लागल्या.