उंबऱ्यावरचं मीठ

ती कधी कोणाच्या हातात मीठ देत नसे. माप भरायची, उंबऱ्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायची. "हातात मीठ दिला का भांडान होतं," म्हणायची. ठाण्याच्या खाडीकाठी तिचं मिठागर होतं आणि आमच्या आळीतल्या निम्म्या घरांची आमटी तिच्या मिठाची. वाचकहो, अशा बाईवर खुनाचा संशय आला, तेव्हा आळीनं काय केलं असेल? दारं लावून घेतली.

मरणारा तिचा थोरला दीर. आगराच्या वाट्यावरून दोघांचं वाजत असे. एके दिवशी टळटळीत दुपारी ती आगराच्या बांधावर डोकं फुटून निपचित पडलेली सापडली. तिसरा प्रहर संपायच्या आत हमालांनी तिला उचलून घरी नेलं. दुसऱ्या सकाळी दिराचं प्रेत खाडीत मिळालं. बुडून मेला, अंगावर घाव नाही, असं डॉक्टरनं लिहिलं. ती पाच दिवसांनी शुद्धीवर आली, तेव्हा तो दिवस तिच्या डोक्यातून पार पुसला गेला होता.

पुराव्याअभावी कोर्टानं सोडलं. गावानं सोडलं नाही.

मी तेव्हा शिळाप्रेसवर हस्तपत्रकं छापून वाटत असे. तिच्यासाठी तीन काढली. 'अबलेवर अन्याय' हा मथळा माझाच. आता वाचवत नाही. चौथ्यासाठी मला तिचं एकच वाक्य हवं होतं.

"मी मारलं नाही, एवढं म्हणा."

"आठवत नाय, दादा. आठवत नाय तं नाय कसा सांगू?"

"अहो, लोक याला कबुली समजतात."

"समजू दे. मना बी कंदी कंदी तसाच वाटतंय. डोला लागला का वाटतंय, मीच केला आसंल."

मी चिडलो. खोटंसुद्धा बोलता न येणाऱ्या माणसाची बाजू कशी लढवायची? पण ती रोज टोपली घेऊन आळीतून फिरायची, बंद दारांसमोर "मीऽठ" म्हणायची आणि भरली टोपली परत न्यायची.

साक्षीदार एकच, आमच्याच आळीतले पेन्शनीत निघालेले कारकून. घर खाडीकडं तोंड करून. भर दुपारी खिडकीतून त्यांनी तिला दिराला पाण्यात ढकलताना पाहिलं होतं, असं ते आळीत सांगत; कोर्टाची पायरी मात्र चढले नव्हते. एका सकाळी मी तिला घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. भांडायलाच गेलो होतो.

कारकून मागं हटणारे नव्हते. "आईच्या श्राद्धाचा दिवस. काकबळी ठेवून कावळ्याची वाट पाहत खिडकीत उभा होतो मी. श्राद्धाच्या दिवशी खोटं बोलेन का?"

इतका वेळ खाली मान घालून उभ्या असलेल्या तिनं वर पाहिलं. "रावसाब, आईचा सराद कंच्या तिथीला?"

"वद्य अष्टमीला. तुला काय करायचंय?"

तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. आगरातलं पाणी घ्यायचं ते भरती पाहून, आणि भरती मोजायची ती तिथीवरून. तिचं सगळं आयुष्य त्या पेरांवर गेलेलं.

"अष्टमीला भरती दिस मावलताना," ती हळू म्हणाली. "दुपारी सुकती. बांधाखाली पानीच नसतं, निसता चिखोल."

कोर्टाच्या कागदावर तारीख होती. माझ्या तिन्ही पत्रकांवरही तारीखच होती. तिथी कोणी लावून पाहिली नव्हती. आगरातल्या लोकांना माहीत असणार. पण फौजदाराच्या धाकानं ते गप्प राहिले आणि आम्ही शहाण्यांनी त्यांना विचारलं नाही.

"काका, पाणी कुठं पाहिलंत?" मी विचारलं.

कारकून उपरणं चाचपत राहिले. "दोघं भांडत होती, एवढं नक्की."

"आणि मग?"

"मग कावळा आला. मी आत गेलो."

आतून काकू म्हणाल्या, "म्हणजे पाहिलंत काय, तर कावळा."

चिखलात कोणी बुडत नाही. ढकललेला माणूस उठून शिव्या देत घरी येतो. दीर बुडाला तो संध्याकाळच्या भरतीत. ताडी पिऊन खाडी ओलांडायची त्याची खोड गावाला ठाऊक होती. आणि भरती आली तेव्हा ती घरात बेशुद्ध पडलेली.

ती पायरीवर बसली. पदर तोंडाशी धरला. मग माझ्याकडं वळून, मी महिनाभर मागत होतो ते वाक्य तिनं आपणहून दिलं. "दादा, मी नाय मारला." गावासाठी नव्हे, स्वतःला सांगत होती.

चौथं पत्रक मी छापलंच नाही. काकूंनी पाणवठ्यावर त्याहून चांगलं काम केलं. दुसऱ्या दिवशी आळीभर उंबऱ्यांवर रिकामी मडकी होती. कारकुनांचंही होतं. तिनं ते शिगोशीग भरलं, वर एक मूठ जास्त टाकली आणि दोन पावलं मागं सरली.

डोकं कशानं फुटलं, ते तिला कधीच आठवलं नाही. तिनं विचारायचंही सोडलं.

यंदा ती गेली. तिची जाऊ सांगत होती, सकाळी हाका मारल्या, उठेना; एवढी गाढ झोपली होती. आता मीठ घेऊन दुसरीच बाई येते. ती हातात द्यायला पुढं होते, आणि आमची आळी मुकाट्यानं मडकं उंबऱ्यावर ठेवते.