दाजींच्या घरावरची माझी सही

मी इमारती तपासतो. सांगलीत विश्रामबागेत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. जुनं घर घेणारे लोक माझ्याकडे येतात. मी त्यांच्याबरोबर जातो, भिंती, तुळया, स्लॅब बघतो, छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकतो आणि ते घर घेण्यासारखं आहे की नाही हे लिहून देतो. खाली सही आणि शिक्का. लोक तो कागद बघून आयुष्यातला मोठा निर्णय घेतात, आणि हे मला कायम माहीत होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, कराडजवळच्या एका गावात दिलेली. कराडला इंजिनियरिंगला असताना चार वर्षं मी तिच्याकडेच राहिलो. तेव्हा दाजी, म्हणजे तिचे यजमान, सीमेवर कुठेतरी असत आणि ती शेत, सासू आणि मी असं तिन्ही सांभाळत होती. पहाटे उठून ती मला डबा करून द्यायची. परीक्षेच्या दिवसांत मी अभ्यास करत बसलो की शेजारच्या पोरांना गप्प बसवायची. माझ्या पदवीचा फोटो अजून तिच्या सोप्याच्या भिंतीवर आहे.

दाजी सुभेदार होऊन निवृत्त झाले. त्यांची बरीच नोकरी वाळवंटात आणि बर्फात गेली होती. समुद्र त्यांनी एकदाच, कुठल्याशा ट्रेनिंगला गेले असताना पाहिला आणि तेव्हापासून समुद्राकाठी घर असावं हे त्यांच्या मनात बसलं होतं. आक्काला त्याचं काही नव्हतं. ती मासे खात नाही, पाण्याला भिते. पण एवढी वर्षं हा माणूस सरकार पाठवेल तिथे राहिला, आता त्याला हवं तिथे राहू दे, असं ती मला म्हणाली होती.

घर मिळालं ते चिपळूणच्या पलीकडे, अगदी किनाऱ्यावर. बैठं, वर स्लॅब, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे नारळ. मालक मुंबईचे होते आणि मुलाकडे परदेशी निघाले होते. सातबारा, परवानग्या, भरतीच्या रेषेपासूनचं अंतर हे सगळं दाजींनी वकिलाकडून तपासून घेतलं. मग मला फोन केला.

"पावणं, कागद वकिलानं बघितल्यात. घर तुमी बघा. फौजेत गाडी तपासणाऱ्यानं सही केली की आमी आत बसायचो. चाकं वाकून बघत न्हवतो."

ठरलेल्या रविवारी मी बायको आणि मुलीला बरोबर घेतलं. काम होईल आणि फिरणंही होईल, असं मीच घरात म्हटलं. माझी पहिली चूक ही. मी तपासायला निघालो नव्हतो, सहलीला निघालो होतो. कराडात दाजींना घेतलं, पाटणला चहा, कुंभार्ली घाटात मुलीला माकडं दाखवायला थांबलो. पोहोचेपर्यंत साडेअकरा झाले होते.

घर नुकतंच रंगवलेलं होतं. आतून बाहेरून पांढरंशुभ्र. विकायला काढलेलं घर नुकतं रंगवलेलं असलं की जास्त बारकाईने बघायचं, हे मी शिकाऊ मुलांना सांगत आलोय. मालक अदबीने मागे मागे फिरत होते, दर वाक्याला साहेब म्हणत होते, आणि मला ते आवडत होतं हेही लिहायला हवं. स्वयंपाकघराला खालून पीओपीचं छत केलेलं होतं, त्यामुळे वरचा स्लॅब दिसत नव्हता. एक तुकडा काढून बघायला हवा होता. शिडी आहे का विचारलं, तर ती शेजाऱ्यांनी नेली होती. मी परत विचारलं नाही.

न्हाणीघरात मात्र मला दिसलं. तुळईच्या खालच्या कडेने, नव्या रंगातून, एक तांबूस रेघ सरळ गेली होती. मी अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा सुटून हातात आला. मालक म्हणाले की गीझरचा पाइप गळत होता, आता दुरुस्त केलाय. पाइप गळला की ओल कशी पसरते आणि आतली सळई गंजली की रेघ कशी उमटते, यातला फरक मला झोपेतही कळेल. हातोडी गाडीत होती. गाडी खाली रस्त्यावर होती. चढावर ऊन होतं, किनाऱ्यावरून मुलगी हाका मारत होती, आणि माझं मन म्हणत होतं की जाऊ दे, ठीक असेल.

गच्चीवर गेलो तर दाजी हात मागे बांधून समुद्राकडे तोंड करून उभे होते. मी आलेलो त्यांना कळलंच नाही. मग वळून त्यांनी विचारलं, "काय म्हणताय, पावणं?"

मी म्हणालो, "चांगलं आहे, दाजी. घ्या."

त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणवलं नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही. मलाही ते घर हवं होतं. दाजींचं घर म्हणजे सुट्टीत आमचंही घर, असा हिशेब बायकोने आणि मी घाटातच करून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कॉम्प्युटरवर एक जुना अहवाल उघडला, नाव आणि पत्ता बदलला, छापला आणि सही केली. वाचून बघितला नाही. दाजींनी तो प्लास्टिकच्या फाइलीत घालून कपाटात ठेवला.

घर घेऊन दाजी आणि आक्का तिथे राहायला गेले. दोन पावसाळे गेले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार दिवस राहून आलो. दुपारी जेवून आडवा झालो की माझी नजर आपोआप छताकडे जायची आणि मी कूस बदलायचो. एकदा स्वयंपाकघरातल्या पीओपीला पोट आल्यासारखं दिसलं. मी आक्काला काही बोललो नाही. बोललो असतो तर पुढचं सगळं बोलावं लागलं असतं.

मग एका दुपारी दाजींचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत होता. स्वयंपाकघरात वरच्या स्लॅबचा तुकडा पडला, पीओपीसकट. आक्का पिठाचा डबा घ्यायला वाकली होती म्हणून डोकं वाचलं, पण उजव्या हातावर आला. चिपळूणला हात बांधून घेतलाय, कराडच्या हॉस्पिटलला आणतोय.

मी त्यांच्या आधी कराडला पोहोचलो. आक्काला स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा तिच्या केसांत अजून सिमेंटची भुकटी होती. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं? दाजी तोंड उघडायच्या आत मीच बोललो. समुद्राची हवा खारी असते, लोखंड लवकर गंजतं, होतं असं. कुणी काही विचारलं नव्हतं त्याचंही उत्तर मी देऊन टाकलं. आक्काने मान हलवली आणि नर्सबाईंना कौतुकाने सांगितलं, "माझा भाऊ इंजिनियर हाय. त्याला कळतं ह्यातलं."

मी औषधं आणतो म्हणून बाहेर गेलो आणि मेडिकलच्या दुकानासमोर बराच वेळ नुसता उभा राहिलो. घर नीट न तपासता सही केली त्याहून मला त्या दिवशीच्या खोट्याची जास्त लाज वाटते. सही आळसाने झाली होती. हे मी समजून उमजून केलं.

घराची तपासणी करायला दाजींनी चिपळूणच्या एक इंजिनियर बाई बोलावल्या. वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. त्यांनी दोन दिवस घेतले; मीही दाजींबरोबर तिथे होतो. शिडीवर चढून स्लॅबची इंच न् इंच जागा हातोडीने ठोकली, जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल केला, काँक्रीटची भुकटी काढून मीठ तपासायला पाठवली. पहिल्या दिवशी संध्याकाळी छत पांढऱ्या गोलांनी भरून गेलं होतं. बांधताना खाडीची वाळू न धुता वापरली असणार, त्या म्हणाल्या, मीठ आतच आहे. मी त्याच व्यवसायातला आहे हे कळल्यावर त्या मला सर म्हणत होत्या आणि प्रत्येक गोष्ट आदराने दाखवत होत्या. मग त्यांनी विचारलं, की खरेदीआधी कुणी तपासणी केली होती का, अहवाल असेल तर बघायला मिळेल का.

दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सांगितलं की कागद कुठेतरी गेला, सापडत नाही. अख्ख्या नोकरीत खोटी हजेरी न लावलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला.

त्या गेल्यावर दाजींनी आतून फाइल आणून माझ्या हातात दिली. "हे तुमच्याकडं ठेवा," म्हणाले. नारळाखाली उभं राहून मी माझाच अहवाल पहिल्यांदा वाचला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, सदर इमारत कृष्णा नदीच्या पूररेषेच्या वर आहे. समोर पन्नास पावलांवर समुद्र होता. सांगलीतल्या कुठल्या तरी घराचं ते वाक्य मी जसंच्या तसं राहू दिलं होतं.

मी ते वाक्य दाखवलं तर दाजी म्हणाले, "आला त्याच दिवशी वाचला हुता मी. कृष्णामाई हितं कशी आली, म्हणून थांबलोबी. पर मला घर पायजे हुतं, पावणं. इचारलं असतं तर तुमाला परत यावं लागलं असतं, आन मग तुमी न्हाई म्हणाला असता. म्हणून इचारलं न्हाई."

त्यांनी आपल्या वाट्याचं असं सरळ सांगून टाकलं. ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांनी हौसेपोटी डोळेझाक केली, पण डोळे उघडे ठेवायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या तेव्हा मी फाइल त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, सही माझी आहे. त्या उभ्या उभ्या वाचत गेल्या. तिसऱ्या पानावर त्यांची नजर थांबली ते मला दिसलं.  त्यांनी पानांचे फोटो काढून फाइल परत दिली आणि त्या शिडीवर चढल्या. त्यानंतर त्यांनी मला एकदाही सर म्हटलं नाही.

आक्काला सांगायचं राहिलं होतं. ती गावी होती, हात गळ्यात बांधलेला. सोप्यावर बसून डाव्या हाताने शेंगा फोडायचा प्रयत्न करत होती. मी न्हाणीघरातल्या रेघेपासून सुरुवात केली आणि सहल, शिडी, हातोडी, जुना अहवाल, सगळं सांगितलं. ती शेंगा खाली ठेवून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "घराचं ऱ्हाऊ दे. चुकतं माणसाचं. पर हॉस्पिटलात मी तुझी बढाई मारली, तवा तू गप कसा बसलास रं?"

मी तिने खाली ठेवलेल्या शेंगा फोडायला घेतल्या.  त्यानंतर कित्येक महिने ती फोनवर खुशालीपुरतं बोलायची आणि फोन दाजींकडे द्यायची.

स्लॅब वाचणार नव्हता. तो पूर्ण उतरवून भिंती बळकट करून घेतल्या, वर लाकूड आणि कौलं घातली. त्या कामावर देखरेख चिपळूणच्या बाईंचीच होती. दाजींनी मला विचारलं होतं, मीच नको म्हणालो. खर्चाचं आम्ही दोघांनी आपसात मिटवलं.

विश्रामबागेतल्या कपाटातले जुने अहवाल मी एकेक करून वाचायला घेतले. किती ठिकाणी मी हातोडी न लावता सही केली होती हे फक्त मलाच सांगता येणार होतं. पाच घरं निघाली. पाचही ठिकाणी परत गेलो. माधवनगरला एका शिक्षकांचं घर होतं. त्यांनी दारातच विचारलं, आता परत कशाला? पहिल्या वेळी नीट बघितलं नव्हतं, असं मी सांगितलं. हे वाक्य पाच वेळा बोलायचं होतं, आणि पाचव्या वेळी पहिल्यापेक्षा सोपं गेलं असं काही झालं नाही. चार घरं ठीक निघाली. एका घराची बाल्कनी उतरवावी लागली. त्या घरातल्या आजोबांनी मला चहा न देता बाहेर काढलं.

मागच्या हिवाळ्यात आक्का आणि दाजी परत समुद्राकडे राहायला गेले. तिनेच फोन करून ये म्हटलं, म्हणून मी गेलो. आक्काचं मनगट आता पूर्ण वळत नाही. भाकरी थापता येत नाही, म्हणून दाजी थापतात. मी पोहोचलो तेव्हा ते परातीसमोर मांडी घालून बसले होते. आक्का शेजारी पाटावर बसून सांगत होती, पाणी कमी, कड जाड झाली, फिरवा, फिरवा. एवढा मोठा माणूस मान खाली घालून ऐकत होता. भाकऱ्या वाकड्यातिकड्या झाल्या होत्या, मधे जाड आणि कडेला फाटलेल्या. आक्काने डाव्या हाताने एक माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "खा. गरम हाय."

मी खाली बघून खाल्ली.